पैलवानाची सनद

नीरा डाव्या कालव्याचे पाणी १८८५ च्या सुमारास या मुलखात खेळू लागले आणि ज्या माळावर पूर्वी शेरडांनाही पोटापुरते मिळण्याची भ्रांत होती त्या माळावर यथाकाल ऊस उभा राहिला, उसामागून गुऱ्हाळे आली, गुऱ्हाळांमागून साखर कारखाने आले, आणि या सर्व समृद्धीचा परिपाक म्हणून नीरा-बारामती रस्त्यावरील आमच्या कोऱ्हाळे बुद्रुकसारख्या गावांतून दोन पिके अशी काही जोमाने येऊ लागली की ज्यांची नोंद तलाठ्याच्या पीकपाहणीत अद्यापि झालेली नाही. त्यांतले पहिले पीक पैलवानांचे आणि दुसरे दाव्यांचे. गोठ्यात दुभते आले तशी घरातले एखादे पोर खुराकावर ठेवून तालमीत धाडण्याची ऐपत आली. आणि जमिनीला भाव आला तशी चुलत्याच्या बांधाकडे पाहण्याची पुतण्याची दृष्टी बदलली. बाजरी पिकत होती तोवर बांध वीतभर अलीकडे आहे की पलीकडे याची कोणास क्षिती नव्हती; ऊस आला आणि त्या वीतभर मातीत किती कांड्या बसतील याचा हिशेब जो तो मनातल्या मनात करू लागला.

ही दोन्ही पिके एकाच मातीत उगवतात, एकाच पाटाचे पाणी पितात, तथापि त्यांचे एकमेकांवर कलम बांधून पाहण्याची बुद्धी सहसा कोणास होत नाही, याचे मला फार दिवस नवल वाटत आले आहे. ज्या गावात दावे आहेत त्या गावास वकील लागतो, आणि ज्या गावात पैलवान आहेत त्या गावात वयाच्या पस्तिशीत गुडघे कुरकुरू लागलेले, लंगोट खुंटीला टांगलेले आणि दिवसभर पारावर बसून दुसऱ्यांच्या पोरांच्या मांड्यांचे माप घेणारे धडधाकट गृहस्थ असतात. एवढे असूनही बारामतीच्या कोर्टातील वकील पाहावे तर पुष्कळदा खोकणारे, चष्म्याआडून लुकलुकणारे आणि फायलींच्या गठ्ठ्याखाली एका बाजूस कललेले. पैलवानास सनद मिळाली पाहिजे, आणि ती घेऊन त्याने पुण्यामुंबईस न जाता कोऱ्हाळ्यातच वकिली मांडली पाहिजे, असे माझे स्पष्ट मत आहे. ते मांडण्यासाठीच हा लेखनप्रपंच.

सांप्रत पैलवानाच्या उत्तरायुष्याचे मार्ग ठरून गेलेले आहेत. राज्य पातळीवर चमकला तर पोलीस खाते. तालुक्यात चमकला तर साखर कारखान्यात चिटबॉय किंवा फाटकावरचा रखवालदार. केवळ गावात चमकला तर ग्रामपंचायत. या परंपरेचे मूळ पुरुष म्हणजे कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव. १९५२ साली हेलसिंकीहून त्यांनी कुस्तीतले कांस्यपदक आणले, आणि स्वतंत्र भारताच्या एकट्या खेळाडूने मिळविलेले ते पहिले ऑलिंपिक पदक. त्यांच्या मिरवणुकीस दीडशेवर बैलगाड्या जुंपल्या होत्या, परंतु त्या सर्व गाड्यांत मिळून एक नोकरी नव्हती. ती मिळावयास १९५५ साल उजाडले आणि ती पोलीस सब-इन्स्पेक्टरची होती. वास्तविक त्यांच्या कुस्तीचा आणि कायद्याचा संबंध आधीच जडला होता. कारण हेलसिंकीच्या खर्चासाठी कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपले राहते घर गहाण टाकून सात हजार रुपये उभे केले होते, आणि गहाणखत म्हटले की दस्तऐवज आला, साक्षीदार आले, व्याजाचे कलम आले. आपल्या देशाचे ते पदक एका गहाणखतावर उभे आहे. पुढे पोलीस खात्यात २७ वर्षे काढूनही खाशाबांना पेन्शनसाठी झगडावे लागले. त्या वेळी एखादा जुना जोडीदार काळा कोट घालून शेजारी उभा असता, तर ती कुस्ती कदाचित लवकर निकाली झाली असती.

पैलवान वकिलीकडे का फिरकत नाही याचे कारण त्याच्या बुद्धीत शोधणे हा शहरी लोकांचा आवडता प्रमाद आहे. खरे कारण नियमावलीत आहे. खेळाडूंसाठी सरकारी नोकऱ्यांत पाच टक्के जागा राखीव आहेत. रेल्वे, पोलीस, बँका यांचीही दारे खेळाच्या प्रमाणपत्राने उघडतात. आणि एकदा त्या दारातून आत गेले की वकिलीचे दार बंद होते, कारण बार कौन्सिल ऑफ इंडियाचा ४९ वा नियम पूर्णवेळ पगारी नोकरास वकिली करू देत नाही. तेव्हा पदवी आणि त्यावर तीन वर्षांचा कायद्याचा अभ्यास पुरा करून सनदेचा विचार करणाऱ्या पैलवानापुढे एका बाजूस गणवेश, महिन्याचा महिन्याला पगार आणि खात्याचा दरारा असतो, तर दुसऱ्या बाजूस कोर्टाच्या आवारातील एक डुगडुगते टेबल असते. त्यातून लग्नाचा प्रश्न उभा राहतो. मुलगा काय करतो या प्रश्नाला खात्यात आहे एवढे उत्तर दिले की मुलीचा बाप लगेच चहा मागवतो, वकिली करतो असे सांगितले तर तो गृहस्थ क्षणभर थांबून, अत्यंत सौजन्याने विचारतो, “बरं, पण सध्या करतात काय?”

वयाचीही गंमत आहे. कुस्तीत पस्तिशीचा माणूस म्हातारा. वकिलीत पस्तिशीचा माणूस ज्युनिअर. एका धंद्यात पहिला पांढरा केस दिसला की इनामाची रक्कम उतरते आणि दुसऱ्यात पहिला पांढरा केस दिसल्याखेरीज अशील अनामत ठेवावयास धजत नाही. आयुष्याचा उत्तरार्ध ज्या धंद्यात पूर्वार्धापेक्षा मोलाचा ठरतो असे धंदे जगात थोडे, आणि ज्यांचे अंग वेळेआधी थकते त्यांनी तरी ते ओळखून ठेवावेत.

असे कोणी केलेच नाही म्हणावे तर तसेही नाही. मध्य प्रदेशातील सागर येथे १९२० साली जन्मलेले आणि इंदूरच्या होळकर संघाचे नाव गाजविणारे चंदू सरवटे हे भारतातर्फे नऊ कसोटी सामने खेळले. १९४६ च्या मे महिन्यात ओव्हलच्या मैदानावर सरेविरुद्ध भारताचे नऊ गडी २०५ धावांत बाद झाले तेव्हा दहाव्या क्रमांकाचे सरवटे आणि अकराव्या क्रमांकाचे शुटे बॅनर्जी एकत्र आले. आता डाव आटोपला असे समजून प्रेक्षक उठले असतील तर त्यांनी जन्माची हळहळ ओढवून घेतली. कारण या जोडीने शेवटच्या गड्यासाठी २४९ धावा केल्या, सरवटे १२४ वर नाबाद राहिले, बॅनर्जींनी १२१ केल्या, आणि दहाव्या व अकराव्या फलंदाजाने एकाच डावात शतके ठोकण्याचा हा प्रकार प्रथम दर्जाच्या क्रिकेटात पुन्हा घडला नाही. हेच सरवटे पुढे मेलबर्नच्या कसोटीत विनू मांकडांबरोबर सलामीला जाऊन १२४ धावांची भागी करतात. फलंदाजीच्या क्रमाची दोन्ही टोके इतक्या निर्विकारपणे सांभाळणारा मनुष्य वादी आणि प्रतिवादी या दोहोंचेही वकीलपत्र सारख्याच निष्ठेने चालवू शकेल यात संशय नाही.

या सरवट्यांपाशी कायद्याची पदवी होती. मात्र पोटापाण्याचा त्यांचा व्यवसाय बोटांच्या ठशांच्या तज्ज्ञाचा. ज्या बोटांनी उमेदीत चेंडू फिरविला तीच बोटे पुढे भिंग धरून दुसऱ्यांच्या बोटांवरील रेषा तपासू लागली. मला या व्यवसायाचा मनस्वी हेवा वाटतो, कारण खरेदीखतावरील अंगठा माझा नव्हेच, हा आमच्या भागातील जुन्या दाव्यांचा लाडका बचाव आहे. त्यातून अंगठा देणारी आजी पंचवीस वर्षांपूर्वी निवर्तलेली असली म्हणजे तो बचाव विशेष खुलतो. सरवट्यांसारखा एक गृहस्थ कोऱ्हाळ्यात घर करून राहिला असता तर कित्येक भाऊबंद एकमेकांशी आज बोलत असते, अथवा निदान न बोलण्याचे कारण तरी त्यांना निश्चित कळले असते. १९८३ च्या विश्वचषकाचा संघ निवडणाऱ्या समितीत ते होते, यावरून पुरावा पारखण्याची त्यांची नजर उतारवयातही शाबूत असल्याचे सिद्ध होते.

साता समुद्रापलीकडचे एक उदाहरण तर साखरेच्याच मुलखातले आहे. अमेरिकेच्या कोलोरॅडो राज्यातील वेलिंग्टन हे गाव ऊस जाणत नाही, पण साखरबीट जाणते; आणि त्या बीटच्या शेतात लहानपणी राबलेला बायरन व्हाइट नावाचा मुलगा १९३८ साली पिट्सबर्गच्या संघातर्फे त्यांच्याकडचा तो धसमुसळा फुटबॉल खेळू लागला, तेव्हा त्यास एका हंगामाचे १५,८०० डॉलर मिळाले, जी रक्कम त्या काळच्या खेळाडूंना डोळे चोळून वाचावी लागली असेल. पुढे ऑक्सफर्ड, पुन्हा फुटबॉल, मग युद्धात आरमार, मग येल विद्यापीठातून कायद्याची पदवी, आणि १९४७ पासून आपल्या राज्यात परत येऊन डेन्व्हर शहरी चौदा वर्षे वकिली. १९६२ साली राष्ट्राध्यक्ष केनेडी यांनी त्यांना सर्वोच्च न्यायालयावर नेमले आणि ते तेथे ३१ वर्षे बसले. त्या न्यायालयाच्या माथ्यावरच्या मजल्यावर बास्केटबॉलचे एक मैदान आहे, तेथे न्यायमूर्ती महाशय कारकुनांबरोबर खेळत आणि धक्के देण्यात पदाचा मुलाहिजा ठेवीत नसत. बारामतीच्या कोर्टावर एक मजला चढवून तेथे लाल मातीचा हौदा करावा अशी सूचना मी या निमित्ताने करून ठेवतो. कोर्ट चालू असता वर खेळण्यास मनाई असल्याची पाटी तेथे लावलेली आहे, तीही आणावी.

एका खाणावळीतल्या बाईने व्हाइट यांना ओळखून, तुम्हीच का ते प्रसिद्ध खेळाडू, असे विचारले असता त्यांनी होतो एवढेच उत्तर दिल्याची आख्यायिका आहे. अमेरिकेत माणसाला आपला भूतकाळ असा एका क्रियापदात गुंडाळून ठेवता येतो. कोऱ्हाळ्यात ते अशक्य. येथे एकदा पैलवान झालेला मनुष्य सरपंच झाला, दूध संघाचा संचालक झाला, आजोबा झाला तरी पैलवानच. आणि सनद घेऊन काळ्या कोटात एस.टी.तून उतरला तरी स्टँडवरचा चहावाला त्यास विचारणार, “काय पैलवान, कुणाचं लगीन?”

मिनेसोटा राज्याचे ॲलन पेज यांनी फुटबॉल खेळता खेळताच १९७८ साली कायद्याची पदवी पदरात पाडून घेतली, आणि १९९२ साली तेथील मतदारांनी त्यांना राज्याच्या सर्वोच्च न्यायालयावर निवडून दिले. होय, निवडून, तिकडे काही राज्यांत न्यायाधीशही मतांवर ठरतात. ही पद्धत आमच्या तालुक्यास कळू नये अशी माझी ईश्वरचरणी प्रार्थना आहे, अन्यथा न्यायाधीशपदासाठी पॅनेले पडतील, विमानाचे चिन्ह मिळावे म्हणून चुरस होईल, आणि निकालपत्राआधी गुलाल उधळला जाईल.

परंतु इतक्या दूर तरी कशाला जावे? लोकमान्य टिळकांनी डेक्कन कॉलेजातील पहिले वर्ष पुस्तके मिटून ठेवून व्यायाम, कुस्ती आणि पोहणे यांत घालविले, मग १८७९ साली एलएल.बी. झाले, आणि १९०८ साली मुंबईच्या हायकोर्टात स्वतःच्या बचावाचे भाषण २१ तासांहून अधिक वेळ केले. कायद्याचे ज्ञान त्या काळी इतरांपाशीही होते. इतके तास उभे राहण्याची तंगडी मात्र डेक्कन कॉलेजच्या त्या फुकट गेलेल्या वर्षाने दिली होती, असे माझे अनुमान आहे.

आता आमच्या कल्पनेतील वकील प्रत्यक्ष कामावर रुजू झाला आहे असे समजावे. प्रथम अडचण शिंप्याची. पैलवानाचा कोट खांद्यास बसला तर कमरेस शामियाना होतो आणि कमरेस बसला तर पहिल्याच जोरकस युक्तिवादास पाठीवर उसवतो. मान आणि खांदे यांच्यामध्ये निसर्गाने इतरांस जी मोकळी जागा ठेवली आहे ती याच्या ठायी तालमीने भरून काढलेली असल्यामुळे गळ्याच्या पांढऱ्या बँडास लोंबावयास अवकाशच राहत नाही. तो हनुवटीखालून दाढीसारखा आडवा बाहेर येतो. कान मातीत घासून मोडलेले, कणकेच्या पानगीसारखे घट्ट झालेले. तेव्हा न्यायाधीशांनी काही विचारले की ऐकू आले की नाही हे चेहऱ्यावरून समजत नाही, आणि तेवढ्या वेळात वकिलास उत्तर सुचते. समोरच्या पक्षाच्या वृद्ध वकिलांशी याने आदराने हस्तांदोलन केले तर त्यांना पुढची तारीख वैद्यकीय कारणास्तव मागावी लागते.

उलटतपासात त्याचा निभाव कसा लागेल, ही शंका रास्त आहे. आणि धोका निराळ्याच बाजूने आहे. गावचा वकील असल्यामुळे साक्षीदारही आजूबाजूच्या गावांचेच. “तुम्ही त्या दिवशी बांधावर हजर नव्हता, असं मी म्हणतो,” असे याने गर्जून सांगावे आणि साक्षीदाराने शपथेवर, अत्यंत शांतपणे, “बांधावर होतो का नव्हतो ते ऱ्हाऊ द्या, पण आमच्या जत्रंत तुम्हाला आमच्या भाच्यानं एकलंगीवर चीत केलं तवा मी फडावरच होतो,” असे उत्तरावे. हे विधान दाव्यास असंबद्ध म्हणून वगळावे, असा अर्ज देता येतो. परंतु कोर्टात जमलेल्या मंडळींच्या स्मरणातून ते कोणत्या कलमाखाली वगळणार? मोठ्या शहरात जाणारा खेळाडू आपले विजय बरोबर नेतो आणि पराभव गावी ठेवून जातो. गावी परतणाऱ्यास ते ठेव म्हणून सव्याज परत मिळतात.

तरीही पैलवान हवाच, आणि तो बळासाठी नव्हे. जत्रेतली मोठी कुस्ती ज्यांनी पाहिली आहे त्यांना ठाऊक आहे की सलामी झाल्यावर बराच वेळ वरकरणी काहीच घडत नाही. हलगी कडाडत असते, दोघे एकमेकांच्या मानेवर हात टाकून गर्दनखेच करतात, मागे सरतात, पुन्हा भिडतात, ही खडाखडी पाहून पाहून कंटाळलेले लोक “आरं, लाव की!” म्हणून ओरडतात, आणि मग कोणी पट काढतो. दिवाणी दाव्याची प्रकृती तंतोतंत हीच. वाटपाचा दावा लागला, समन्स निघाले, ते बजावले गेले नाही, पुन्हा निघाले, कैफियत आली, मुद्दे निघाले, साक्षी झाल्या. पंधरा वर्षांनी प्राथमिक हुकूमनामा झाला म्हणून अशिलाने पेढे वाटले, तोच त्यास सांगण्यात येते की दिवाणी प्रक्रिया संहितेच्या ५४ व्या कलमान्वये सारा भरणाऱ्या जमिनीची प्रत्यक्ष फाळणी कोर्ट करीत नाही, ते काम जिल्हाधिकाऱ्याकडे जाते. म्हणजे कुस्ती संपली नाही, फक्त फड बदलला. हा खुलासा जन्माचा वकील करतो तेव्हा अशील त्यास शिव्या देतो. तोच पैलवान करील तर अशिलास तो डावाचा भाग वाटेल.

त्याहून मोठा गुण हार पचविण्याचा. हजारो लोकांच्या डोळ्यांदेखत ज्याची पाठ मातीस लागली आहे आणि जो पाठीवरची माती झटकून दुसऱ्या आठवड्यात दुसऱ्या जत्रेत त्याच मुद्रेने उतरला आहे, तोच मनुष्य सकाळी निकाल विरुद्ध गेल्यावर दुपारी अपिलाच्या नकलेसाठी अर्ज लिहू शकतो. आणि तोच, महत्त्वाचे म्हणजे, अशिलास खरे सांगू शकतो. “तात्या, ही कुस्ती तुम्हाला जात न्हाई. बरोबरीत सोडवा,” हे वाक्य उच्चारण्याचा अधिकार मातीत लोळलेल्यालाच आहे. लोकअदालतीत तडजोड झाली तर तो निवाडा हुकूमनाम्याइतकाच पक्का असतो, त्यावर अपील नाही, शिवाय भरलेली कोर्ट फी परत मिळते. पण हे फायदे आमच्या गावाला पटत नाहीत, कारण तडजोड सुचविणारा वकील दुसऱ्या बाजूला फितला असे समजण्याची रीत आहे. पैलवानावरही आळ येईल, नुरा कुस्ती केली म्हणतील. मात्र ते त्याच्या तोंडावर म्हणणार नाहीत. वकिली धंद्यास शरीरसंपत्तीचा एवढा उपयोग पुरेसा आहे.

रस्ता अडविला, पाणी तोडले असली प्रकरणे तर त्याने कोर्टापर्यंत नेऊच नयेत. १९०६ चा मामलेदार कोर्ट कायदा त्यासाठीच आहे. अडथळा झाल्यापासून सहा महिन्यांच्या आत तहसीलदाराकडे गेले की काम होते, आणि बांधावरून नवीन वाट हवी असेल तर जमीन महसूल संहितेचे १४३ वे कलम आहे. आमची माणसे ते सहा महिने एकमेकांच्या नावाने खडे फोडण्यात घालवितात आणि सातव्या महिन्यात वकील शोधतात.

एका गोष्टीविषयी गावकऱ्यांस आताच सावध करतो. वकिलास जाहिरात करण्यास बार कौन्सिलचा ३६ वा नियम मनाई करतो, त्याच्या नावाची पाटीदेखील बेताच्या आकाराची असावी लागते. तेव्हा सनद मिळाल्याच्या आनंदात चौकात वीस फुटी फ्लेक्स लावून, त्यावर एका बाजूस गदा, दुसऱ्या बाजूस न्यायदेवता आणि खाली समस्त मित्रपरिवाराचे गोल गोल फोटो छापण्याचा जो मोह होईल तो आवरावा, नाहीतर पहिली नोटीस खुद्द वकिलासच यायची.

राहता राहिली फी. आपल्या माणसाला काय फी द्यायची, असे म्हणून शाल आणि श्रीफळ देण्याची आणि कारखान्याची पहिली उचल निघाली की बघू असा वायदा करण्याची आमची चाल आहे. कोऱ्हाळ्यात असा वकील झालाच तर त्यास पहिल्या दिवसापासून रोख पैसे द्यावेत आणि पावती मागावी. फेटे त्याच्याकडे आधीचेच पुष्कळ असतील.